सौम्य म्हणविणारा संधिवात

कांहीं रोगांचा इतिहास हा मुख्यतः त्यांवरील औषधांचा इतिहास असतो. देवीची कथा जेन्नरच्या लशीपाशीं येऊन ठेपते, हिवतापाची क्विनीनपाशीं. सोरायसिस या त्वचारोगाच्या जोडीनें येणाऱ्या संधिवाताची गोष्ट तशी नाहीं. तिच्यांत औषधें फार उशिरां प्रवेश करतात. तत्पूर्वींचीं सुमारें पावणेदोनशें वर्षें वैद्यकानें दोन प्रश्नांचा निकाल लावण्यांत घालविलीं : हा स्वतंत्र रोग आहे काय, आणि असल्यास तो कितपत वाईट आहे? पहिल्या प्रश्नाचें उत्तर मिळण्यास जवळजवळ दीडशें वर्षें लागलीं. दुसऱ्याचें उत्तर आधीं चुकीचें दिलें गेलें, आणि त्या चुकीचा भुर्दंड ज्यांच्या बोटांना सोसावा लागला त्यांचीं नांवें कोणत्याहि ग्रंथांत आढळणार नाहींत.

सोरायसिस म्हणजे त्वचेवर उठणारे तांबडे चट्टे आणि त्यांवर सांचणारा रुपेरी कोंडा. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा व कमरेचा खालचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाहीं, ही गोष्ट पुनःपुन्हां सांगावी लागते. ज्यांना हा त्वचारोग आहे अशा माणसांपैकीं सुमारें पांचांत एकाचे सांधे पुढेंमागें दुखावतात. बहुतेकांची त्वचा आधीं बिघडते आणि सांध्यांची पाळी त्यानंतर साधारण दहा वर्षांनीं येते. थोड्यांवर दोन्ही संकटें बरोबरच येतात, आणि आणखी थोड्यांचे सांधे आधीं सुजतात व अंगावरचे चट्टे मागाहून उठतात. या शेवटच्या रोग्यांचें निदान करतांना मोठमोठे वैद्यहि चकतात, यांत नवल नाहीं.

सांध्यांवरील हल्ल्याची तऱ्हाहि चमत्कारिक असते. नखालगतचा बोटाचा शेवटचा सांधा सुजतो, आणि त्याच बोटाच्या नखावर बारीक बारीक खांचा पडलेल्या दिसतात. शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तशा. कधीं एखादें बोट मुळापासून टोकापर्यंत सबंध फुगून लाल होतें व शेजारचीं बोटें अगदीं निकोप राहतात. कधीं टांच इतकी दुखते कीं सकाळीं अंथरुणांतून पाय खालीं टेकवत नाहीं. कधीं पाठच आखडते. उजवा गुडघा सुजला म्हणून डावा सुजेलच असा नेम नाहीं. ऱ्हुमॅटॉइड संधिवात बहुधा दोन्ही हातांवर सारखाच चाल करून येतो. याची चाल वांकडी.

हा रोग नवा नाहीं. जेरुसलेमच्या पूर्वेस यहुदी वाळवंटांत पांचव्या शतकांतील एका ख्रिस्ती मठाचे अवशेष आहेत. तेथें सांपडलेल्या हाडांत या संधिवाताच्या खुणा ओळखूं आल्याचें १९९६ सालीं प्रसिद्ध झालें. त्या काळीं अशा माणसाकडे लोक कोणत्या दृष्टीनें पाहत असतील हें समजण्यास फार कल्पनाशक्ति नको. अंगावर कोंडा, हाताचीं बोटें वांकडीं किंवा आंखूड झालेलीं : जो पाहील तो महारोगीच म्हणेल. आपल्याकडेहि 'कुष्ठ' हा शब्द फार मोठें पोट असलेला होता. चरकसंहितेंत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, त्यांतील सात महाकुष्ठें व अकरा क्षुद्रकुष्ठें. या अकरांपैकीं 'एककुष्ठ' नांवाच्या प्रकाराची त्वचा माशाच्या खवल्यांसारखी असते असें वर्णन आहे, आणि हा सोरायसिसच असावा असें अनेक आधुनिक वैद्य मानतात. ग्रंथकारांनीं भेद केले होते खरे. परंतु गांवाच्या वेशीबाहेर हांकलतांना लोकांनीं अठरा प्रकार मोजले असतील असें वाटत नाहीं.

युरोपांतहि हा घोटाळा एकोणिसावें शतक बरेंच पुढें सरकेपर्यंत चालूं होता. लंडनच्या रॉबर्ट विलन यांनीं १८०८ च्या आपल्या ग्रंथांत या त्वचारोगाचें स्वच्छ वर्णन केलें, पण त्याच्या एका भागाला 'लेप्रा' हें जुनें नांव कायम ठेविलें. हें नांव काढून टाकून सोरायसिस व महारोग यांची पूर्ण फारकत केली ती व्हिएन्नाच्या फेर्दिनांद फॉन हेब्रा यांनीं, १८४१ मध्यें. महारोगाचा जंतु हान्सेन यांना दिसला १८७३ सालीं. म्हणजे सोरायसिसच्या रोग्याची महारोग्यांच्या पंगतींतून शास्त्रानें सुटका केली तेव्हां, ज्या रोगाशीं त्याची गल्लत होत होती त्याचें खरें कारण अद्याप कोणालाच ठाऊक नव्हतें.

सांध्यांकडे पहिलें लक्ष गेलें तें पॅरिसमध्यें. तेथील सेंट लुई रुग्णालय चौथ्या हेन्रीनें १६०७ सालीं प्लेगच्या रोग्यांसाठीं शहराबाहेर बांधविलें होतें. १८०१ पासून तें त्वचारोगांचें माहेरघर बनलें, आणि झाँ-लुई आलिबेर हे तेथील प्रमुख वैद्य झाले. उन्हाळ्यांत रुग्णालयाच्या आवारांतील झाडांखालीं त्यांचीं व्याख्यानें चालत; रोगी समोर उभे असत व ऐकावयास दूरदूरचे वैद्य येत. रोगांची वंशावळ दाखविण्यासाठीं एका महावृक्षाचें चित्र काढून त्याच्या फांद्यांवर त्यांनीं त्वचेचे सर्व विकार बसविले होते. वर्गीकरणाचा असा सोस असलेल्या या गृहस्थांनीं १८१८ सालीं सोरायसिस व सांधेदुखी हीं एकाच माणसांत एकत्र आढळतात अशी नोंद केली. या विषयावरील पहिली नोंद म्हणून तिचाच निर्देश होतो.

पुढें त्याच रुग्णालयांतील पिएर बाझँ यांनीं १८६० सालीं या जोडीला 'सांधेदुखीचा सोरायसिस' अशा अर्थाचें नांव दिलें. बाझँ यांची विचारसरणी आज जुनाट वाटते. शरीराची एक मूळ प्रकृति असते, ती बिघडली म्हणजे तिचा विकार एकीकडे त्वचेंतून व दुसरीकडे सांध्यांतून बाहेर पडतो, असें त्यांचें मत. आपल्या वैद्यांना तें फारसें परकें वाटलें नसतें. तपशील चुकीचा होता, परंतु त्वचा व सांधा हीं एकाच बिघाडाचीं दोन दारें आहेत ही मुख्य कल्पना शंभर वर्षांनंतर खरी ठरावयाची होती. १८८८ मध्यें शार्ल बूर्दियों या तरुण वैद्यानें आपला पदवीचा प्रबंधच या विषयावर लिहिला, आणि त्यांत या रोग्यांचे सांधे कसकसे बिघडतात याचें सविस्तर वर्णन केलें.

एवढें होऊनहि रोग 'रोग' म्हणून मान्य झाला नाहीं. त्याचें कारण गणिती होतें, आणि तें ऐकावयास अगदीं बिनतोड वाटे. शंभरांत दोघांना सोरायसिस असतो आणि शंभरांत एकाला ऱ्हुमॅटॉइड संधिवात. दोन्ही रोग इतके सर्रास आढळत असतील तर दहा हजारांत दोन माणसें निव्वळ योगायोगानें दोन्हींच्या तावडींत सांपडणारच. मग त्यासाठीं तिसरा रोग कशाला कल्पावयाचा? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत बहुसंख्य डॉक्टर या मताचे होते. १९१३ सालीं पिएर मारी व आंद्रे लेरी यांनीं दीर्घ संधिवाताच्या एका विलक्षण हाताचें वर्णन केलें. बोटांतील हाडें इतकीं झिजून गेलेलीं कीं ओढल्यास बोट लांब होई व सोडल्यास पुन्हां आंत शिरे. नाटकगृहांतील दुर्बिणीची नळी नळींत शिरते तसें. हा हात सोरायसिसच्या रोग्यांत विशेषेंकरून आढळतो हें मागाहून कळलें. त्यावेळीं मात्र तें संधिवाताचें एक अजब टोक म्हणून ग्रंथांतून राहिलें.

कोंडी फुटली ती रक्ताच्या परीक्षेमुळें. नॉर्वेचे एरिक वालर यांना १९४० सालीं आढळून आलें कीं ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या कित्येक रोग्यांचा रक्तद्रव विशिष्ट रीतीनें तयार केलेल्या मेंढीच्या रक्तपेशींत मिसळला तर त्या पेशींच्या गुठळ्या बनतात. महायुद्धाच्या धामधुमींत हा शोध बाजूला पडला. १९४८ मध्यें अमेरिकेंत हॅरी रोझ व त्यांचे सहकारी यांनीं तो स्वतंत्रपणें पुन्हां लावला. दोघांच्या नांवांनीं ही परीक्षा प्रसिद्ध झाली. तिच्या कसोटीला लावतां सोरायसिसवाल्या संधिवाताच्या बहुतेक रोग्यांचें रक्त 'नाहीं' असें उत्तर देऊं लागलें. योगायोगाच्या सिद्धांताला हा पहिला जबर धक्का होता, कारण हे जर साधे ऱ्हुमॅटॉइडचेच रोगी असते तर त्यांचें रक्त इतकें एकमतानें विरुद्ध साक्ष कां देतें?

या साक्षीचा पुरता उपयोग इंग्लंडच्या लीड्स शहरांतील व्हर्ना राइट यांनीं केला. लीड्स हें लोंकरीच्या गिरण्यांचें गांव. तेथें राइट यांनीं सोरायसिससह असलेला संधिवात व ऱ्हुमॅटॉइड संधिवात यांच्या रोग्यांचे गट शेजारीं शेजारीं ठेवून सांधा सांध्याशीं व क्ष-किरणांचें चित्र चित्राशीं ताडून पाहिलें. त्यांचे निबंध १९५६ पासून प्रसिद्ध होऊं लागले. बोटाच्या शेवटच्या सांध्याचा बिघाड, वांकडी चाल, कमरेच्या मागील सांध्यांचा दाह, रक्तपरीक्षेचा नकार, या सर्वांचा मेळ घालून त्यांनीं दाखविलें कीं हा निराळाच रोग आहे. १९६४ सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें आपल्या यादींत त्याला स्वतंत्र जागा दिली. पुढें १९७३ मध्यें राइट व त्यांचे सहकारी जॉन मोल यांनीं त्याचे पांच प्रकार वर्णिले. ते पुढें तीसएक वर्षें जगभरच्या विद्यार्थ्यांनीं पाठ केले. पहिल्या प्रश्नाचा निकाल असा लागला.

आणि त्याच वेळीं दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर चुकलें.

लीड्सच्या मंडळींनीं आपल्या रोग्यांचा पाठपुरावा दहा दहा वर्षें केला, आणि १९७६ सालीं तो वृत्तांत प्रसिद्ध केला. त्याचा एकंदर सूर असा कीं, थोडे अभागी रोगी सोडले तर हा संधिवात ऱ्हुमॅटॉइडच्या मानानें बराच सौम्य आहे. मनुष्य फारसा अंथरुणास खिळत नाहीं, कामधंदा सुटत नाहीं. हा निष्कर्ष प्रामाणिक होता. मोजलें त्याचाच तो हिशेब होता. परंतु त्यांत एक सरासरी दडलेली होती, आणि सरासरीखालीं बुडणारा माणूस वरून दिसत नाहीं. ज्याचा एकच गुडघा दोन वर्षें सुजून बरा झाला आणि ज्याच्या हाताचीं दहाहि बोटें वांकडीं होत चाललीं, ते दोघे एकाच रकान्यांत बसत. शिवाय पाठ्यपुस्तकांना लहान वाक्यें आवडतात. 'सौम्य रोग' हे दोन शब्द तेवढे पुस्तकांतून पुस्तकांत गेले. 'थोडे अभागी' वाटेंत गळाले.

या समजुतीचा व्यवहारांत अर्थ काय होई? सांधे दुखतात म्हणून एखादा रोगी येई. त्याच्या रक्ताची परीक्षा 'नाहीं' म्हणे. क्ष-किरणांच्या चित्रांत अद्याप कांहीं दिसत नसे. डॉक्टर दुखणें थांबविण्याची गोळी देऊन 'काळजी करूं नका' म्हणत, आणि तें मनापासून म्हणत. त्वचेचे डॉक्टर चट्ट्यांकडे पाहत, हाडांचे डॉक्टर गुडघ्याकडे. एकाच देहाच्या या दोन तक्रारी दोन निरनिराळ्या दवाखान्यांच्या वह्यांत लिहिल्या जात व त्यांची गांठ पडत नसे.

हा भ्रम दूर केला तो एका चिकाटीच्या उपक्रमानें. कॅनडांतील टोरोंटो येथें डॅफ्ना ग्लॅडमन यांनीं १९७८ सालीं केवळ या एका रोगासाठीं स्वतंत्र दवाखाना सुरू केला. त्याची कामाची रीत साधी व कंटाळवाणी होती, आणि तिचें सारें सामर्थ्य त्या कंटाळवाणेपणांतच होतें. रोगी बरा असो वा वाईट, त्यानें सहा महिन्यांनीं किंवा वर्षानें यावयाचें. दरवेळीं तेच सांधे त्याच क्रमानें तपासावयाचे, सुजलेले किती, दुखणारे किती, कायमचे वांकडे झालेले किती हें ठरलेल्या कागदावर लिहावयाचें, आणि ठराविक मुदतीनें क्ष-किरणांचीं चित्रें घेऊन जुन्या चित्रांशीं ताडावयाचीं. दहा वर्षें होण्यापूर्वींच, १९८७ सालीं, २२० रोग्यांचा पहिला मोठा वृत्तांत बाहेर आला. हाडें कुरतडलेले व सांधे विद्रूप झालेले रोगी त्यांत अपेक्षेपेक्षां कितीतरी अधिक होते. १९९० मध्यें त्याच दवाखान्यानें पांच वर्षें पाठपुरावा केलेल्या रोग्यांचा हिशेब दिला. पांच किंवा अधिक सांधे कायमचे विद्रूप झाले आहेत अशांचें प्रमाण त्या पांच वर्षांत जवळजवळ दुप्पट झालें होतें. विशेष म्हणजे हे रोगी वाऱ्यावर सोडलेले नव्हते. जाणकारांच्या नजरेखालीं व त्यावेळच्या औषधांवर असतांना हें घडलें.

रोगी इतके उशिरां कां येतात याचा एक धागा त्याच ठिकाणीं १९९२ सालीं हातीं लागला. सांध्यावर मोजून दाब देणाऱ्या उपकरणानें दोन्ही संधिवातांच्या रोग्यांची परीक्षा केली, तेव्हां असें दिसलें कीं सोरायसिसच्या संधिवातांत सांधा दाबल्यावर होणारें दुःख ऱ्हुमॅटॉइडपेक्षां कमी असतें. सूज तीच, नासधूस तीच, पण ओरड कमी! ज्या रोगांत दुखणें मोठें त्यांत मनुष्य लवकर धांव घेतो. येथें सांधा आंतून पोखरत असतां रोगी 'जरा आखडल्यासारखें होतें' एवढेंच म्हणतो. सौम्यपणाच्या कीर्तीला रोग्यांनीं स्वतःहि अशी नकळत साक्ष दिली होती.

टोरोंटोच्या वह्यांनीं आणखी एक गोष्ट दाखविली, ती सांध्यांपलीकडची. ४२८ रोग्यांच्या १९९७ सालच्या वृत्तांतांत त्यांचा मृत्यूचा धोका सर्वसाधारण लोकसंख्येच्या १.६२ पट निघाला. जो रोग कोणाला मारीत नाहीं म्हणून दुर्लक्षिला जात होता त्याचा हा आंकडा. दहा वर्षांनीं, २००७ मध्यें, तो १.३६ वर उतरलेला आढळला.

मग नासधूस सुरू तरी कधीं होते? जुन्या समजुतीप्रमाणें फार हळूहळू, कित्येक वर्षांनीं. याचा शोध डब्लिनच्या डॉक्टरांनीं घेतला. सांध्यांची सूज नुकतीच सुरू झाली आहे अशांसाठीं त्यांनीं खास दवाखाना चालविला होता. तेथें आलेल्या रोग्यांपैकीं १२९ जणांना सोरायसिसचा संधिवात असल्याचें ठरलें. त्यांचा वृत्तांत २००३ सालीं प्रसिद्ध झाला. दोन वर्षांच्या सुमारास ४७ टक्के रोग्यांच्या हाडांवर कुरतडल्याच्या खुणा उमटलेल्या होत्या, आणि त्याहि औषधें देऊन बाहेरची लक्षणें सुधारत असतांना. जवळजवळ निम्मे! रोगी व डॉक्टर दोघेहि 'बरें वाटतें आहे' असें म्हणत होते, आणि क्ष-किरणांची कांच निराळेंच सांगत होती.

सुरुवातीचीं वर्षें इतकीं निर्णायक कां, याचा उलगडा शरीररचनेंत आहे. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचें मुख्य रणांगण म्हणजे सांध्याच्या आंतील मऊ अस्तर. सोरायसिसच्या संधिवातांत पहिली ठिणगी बहुधा जेथें कंडरा हाडाला चिकटते तेथें पडते, असें मत डेनिस मॅकगोनागल यांनीं १९९८ च्या सुमारास मांडलें; आणि तेंहि लीड्समध्येंच. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशीं बांधणारी दोरी. प्रत्येक हालचालींत या जागेवर ताण पडतो. निरोगी माणसांत तेथील सूक्ष्म दुखापत मुकाट्यानें भरून येते. या रोग्यांत ती शरीराच्या संरक्षक यंत्रणेला चेतवते, आणि दाह शेजारच्या अस्तरांत पसरतो. नख व शेवटचा सांधा बरोबर कां बिघडतात हें कोडेंहि यानेंच सुटलें. त्या सांध्यावरून जाणाऱ्या कंडरेचे तंतु पुढें नखाच्या मुळापर्यंत पोंचतात. नख दिसतें त्वचेचें, पण त्याचा नांगर सांध्यांत रुतलेला आहे. बाझँ यांचीं दोन दारें पुन्हां आठवावींत.

दाह टिकून राहिला म्हणजे हाडांत दोन परस्परविरुद्ध क्रिया एकदम सुरू होतात. एकीकडे हाड खाल्लें जातें, दुसरीकडे नको त्या जागीं नवें हाड वाढतें. ऱ्हुमॅटॉइडमध्यें केवळ पाडकाम. येथें पाडकाम व बांधकाम दोन्ही, आणि दोन्ही बेबंद. क्ष-किरणांच्या चित्रांत कधीं एका हाडाचें टोंक टोकदार झालेलें व दुसरें हाड वाटीसारखें पसरलेलें दिसतें, दौतींत टाक उभा ठेवावा तसें. कधीं सांध्याची फट बुजून दोन हाडांचें एकच हाड होतें. असें हाड पूर्ववत् करणारें औषध आजवर निघालेलें नाहीं. औषध दाह थांबवूं शकतें, झालेली मोडतोड परत घेऊं शकत नाहीं. म्हणून सारा भर वेळेवर येतो.

औषधांच्या कथेंत एक भारतीय नांव आहे, आणि तें सांगितल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे आंध्रांतील भीमावरमचे, जन्म १८९५. मद्रासेंत वैद्यक शिकून ते अमेरिकेस गेले, हार्वर्डमध्यें काम केलें, आणि पुढें लेडर्ली या औषधकंपनीच्या संशोधनाचे प्रमुख झाले. फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीनें बनविण्याचें काम त्यांच्या हाताखालीं झालें, आणि त्याच आम्लाच्या विरुद्ध काम करणारीं अमिनॉप्टेरिन व मेथोट्रेक्सेट हीं द्रव्येंहि तेथेंच जन्मलीं. तीं हवीं होतीं मुलांच्या रक्तकर्करोगासाठीं. सुब्बाराव १९४८ च्या ऑगस्टमध्यें वारले. तीन वर्षांनीं, १९५१ सालीं, गबनर व त्यांच्या सहकाऱ्यांना अमिनॉप्टेरिननें संधिवाताबरोबर सोरायसिसहि ओसरतो असें दिसलें. १९६४ मध्यें सोरायसिसच्या संधिवाताच्या २१ रोग्यांवर मेथोट्रेक्सेटचा रीतसर प्रयोग झाला, आणि पुढें आठवड्यांतून एकदां अल्प मात्रेंत देण्याची रीत रूढ झाली. तरी २०१२ सालच्या ब्रिटनमधील २२१ रोग्यांच्या प्रयोगांत तें सांध्यांचा दाह खरोखर शमवितें असें सिद्ध करतां आलें नाहीं. तें आजहि सर्वत्र दिलें जातें; स्वस्त आहे, त्वचेला गुण देतें, आणि अनेकांना त्यानें उतार पडतो.

खरें सामर्थ्य आलें तें दाह पेटविणाऱ्या एकेका द्रव्याला नेमकें अडविणाऱ्या औषधांनीं. त्यांतील एटानरसेप्टचा ६० रोग्यांवरील प्रयोग २००० सालीं प्रसिद्ध झाला व २००२ मध्यें अमेरिकेंत त्याला या रोगासाठीं परवानगी मिळाली. त्यानंतर या जातीचीं औषधें एकामागून एक आलीं. हाडांची कुरतड मंद करण्याचें सामर्थ्य औषधांत आहे हें त्यांच्यामुळें प्रथमच निर्विवाद दिसलें. तीं महाग आहेत, जंतुसंसर्गाचा धोका वाढवितात, आणि सर्वांना सारखीं लागू पडत नाहींत.

औषध कोणतें यापेक्षां केव्हां व किती जागरूकपणें, हा प्रश्न त्यानंतर पुढें आला. लीड्सच्या पुढाकारानें ब्रिटनमध्यें २०६ नवीन रोग्यांचे दोन भाग केले. एका भागाला दर चार आठवड्यांनीं तपासून ठराविक ध्येय गांठेपर्यंत औषध वाढवीत नेलें; दुसऱ्याला नेहमींच्या पद्धतीनें बारा आठवड्यांनीं पाहिलें. निकाल २०१५ सालीं आला. पहिल्या भागाचे सांधे व त्वचा दोन्ही अधिक सुधारलीं, पण औषधांचा त्रासहि त्यांनाच अधिक झाला, आणि वर्षभराच्या त्या अवधींत हाडांच्या चित्रांत दोन भागांमध्यें फरक दिसला नाहीं. उत्साही लोक हें शेवटचें वाक्य गाळतात. तें गाळूं नये.

त्याच वर्षीं डब्लिनहून आणखी एक वृत्तांत आला, आणि तो अधिक बोचणारा होता. २८३ जुन्या रोग्यांना परत बोलावून, पहिल्या लक्षणापासून तज्ज्ञाकडे पोंचेपर्यंत किती काळ गेला हें विचारलें. सहा महिन्यांच्या आंत पोंचलेले सुमारें ३० टक्केच निघाले. ज्यांना त्याहून उशीर झाला होता त्यांचीं हाडें अधिक कुरतडलेलीं होतीं व रोजच्या कामांत त्यांना अधिक अडचण येत होती. वर्षानुवर्षांच्या दुखण्यांत सहा महिन्यांची मातबरी ती काय, असें जुना डॉक्टर म्हणाला असता. स्वीडनमधील सहा दवाखान्यांनीं मिळून ठेवलेल्या नोंदवहीनेंहि २०१४ सालीं, १९७ रोग्यांच्या पांच वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, तोच कौल दिला होता. ज्यांचीं लक्षणें थोड्याच दिवसांचीं असतांना उपचार सुरू झाले आणि ज्यांची हालचाल तोंवर शाबूत होती त्यांचें भवितव्य चांगलें. त्यांत एक दुजाभावहि दिसला : पुरुषांपेक्षां स्त्रियांची स्थिति पांच वर्षांनंतर वाईट होती. बायकांच्या सांधेदुखीकडे घरांत व दवाखान्यांतहि किती उशिरां लक्ष जातें हें ज्यांनीं पाहिलें आहे ते यास सर्वस्वी निसर्गच जबाबदार आहे असें सहसा म्हणणार नाहींत.

निदानासाठीं जगाला एक माप हवें होतें. १३ देशांतील ३० दवाखान्यांनीं ५८८ रोगी व ५३६ इतर संधिवाती यांची तुलना करून २००६ सालीं तें ठरविलें. त्यांत अंगावरचा चट्टा, घराण्यांतील सोरायसिस, नखांच्या खांचा, सबंध बोटाची सूज, रक्तपरीक्षेचा नकार व नव्या हाडाची वाढ यांना गुण दिले आहेत. पूर्वीं जो 'नाहीं' निरर्थक मानून सोडला जाई, त्यालाच आतां पुराव्याचें स्थान मिळालें. चट्टा अंगावर नसला तरी आई-बापांना किंवा भावंडांना आहे काय हें विचारणें आवश्यक झालें, आणि डॉक्टराला रोग्याच्या टाळूवरचे केस बाजूला सारून, कानामागें व बेंबींत डोकावून पाहावें लागूं लागलें. कारण चट्टे कित्येकदां तेथें लपलेले असतात व रोग्यालाहि त्यांचा पत्ता नसतो.

अलीकडे टोरोंटोची मंडळी आणखी एक पायरी मागें गेली आहेत. ज्यांना केवळ त्वचेचा सोरायसिस आहे व सांधे अगदीं निरोगी आहेत अशा लोकांना त्यांनीं दरसाल बोलावून तपासण्यास आरंभ केला. ४६४ माणसांच्या आठ वर्षांच्या पाठपुराव्यांत ५१ जणांना डोळ्यांदेखत संधिवात जडला. वर्षाला शंभरांत सुमारें २.७ असें हें प्रमाण २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. नखांवर खांचा असलेले व त्वचेचा रोग तीव्र असलेले यांत अधिक होते. पुढील वर्षीं त्यांनीं या लोकांच्या जुन्या उत्तरपत्रिका उलगडून पाहिल्या. सूज येण्याच्या आधींच्या वर्षांत अनेकांनीं तीनचार तक्रारी लिहून ठेवल्या होत्या : कारणावांचून येणारा थकवा, टांचेंतील कळ, सकाळीं अंग आखडणें, सांध्यांची अस्पष्ट ठणक. त्यावेळीं तपासणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या सांध्यांत कांहींहि सांपडलें नव्हतें.